गाऱ्हाण्यात न घेतलेलं नाव

अण्णा, यंदा चतुर्थीला आपल्या घरात गाऱ्हाणं दोनदा झालं. दुसरं मी घातलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालणं तुम्हाला चाललं नसतं, म्हणून कळवते आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण घरातलं काही तुमच्यापासून लपवायची सवय मला कधी लागली नाही.

तुम्ही गाऱ्हाणं घालायला उभे राहिलात की शेजारची माणसं ऐकायला येत. मूर्तीपुढे नारळ ठेवून तुम्ही घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचात, त्याच्यासाठी देवाकडे मागायचात, आणि मागे उभे असलेले आम्ही सगळे प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. सासरी गेलेली आत्या, मुंबईचा काका, गोठ्यातली गाभण गाय, तुम्ही कोणालाच विसरत नव्हता. म्हणूनच मी बी.ए. झाले त्या वर्षी तुम्ही माझ्या धाकट्या भावाचं नाव गाळलंत, ते चुकून झालं असं घरात कोणालाही वाटलं नाही. महिनाभर आधी त्याच्या ट्रंकेत शिरोड्याच्या एका मुलाची प्रेमपत्रं तुम्हाला सापडली होती. धाकटा माझ्या शेजारी आरतीचं ताट धरून उभा आहे. तुम्ही माझं नाव घेता आणि तिथून थेट गाईवर जाता. सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. मीही म्हणते, खणखणीत म्हणते. नंतर मी वडे तळत असताना तो चुलीपाशी येऊन बसला. “गो, गाय इली, मगे मी खंय गेलंय?” असं म्हणून हसला. मी झाऱ्यावरची नजर न काढता म्हटलं, “आधी सुधार. पुढल्या वर्सा घेतीत तुझा नाव.” पुढल्या वर्षी तो घरात नव्हता.

तो पणजीला एका छापखान्यात होता. अकरा वर्षांनी त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाचं कार्ड आलं. मनाच्या आजारासाठी बरेच महिने इस्पितळात होता, तिथेच गेला, एवढंच त्यात होतं. तुम्ही कार्ड वाचलंत, चष्मा पुसलात आणि “पत्तो चुकलेलो दिसता” म्हणून ते बाजूला ठेवलंत. सुतक सोडाच, तुम्ही अंघोळीलासुद्धा उठला नाहीत. मी विहिरीवर जाऊन डोक्यावरून दोन कळश्या ओतून घेतल्या. आईने विचारलं तर उकडतंय म्हणाले. मग केस न वाळवताच शाळेत गेले आणि सातवीला भूगोल शिकवला. तास चांगला झाला.

आता घरात एक मुलगी राहते. तिच्या घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं, ती स्वतःला मुलगी म्हणते, आणि मीही तेच म्हणते. आतल्या एका गावात त्यांची भातशेती आणि काजूची बाग आहे. भावांनी तिचे कपडे अंगणात जाळले आणि तिला हाकलून दिलं. बांद्याच्या स्टँडवर ती दोन दिवस बसून होती. सरकारी दवाखान्यात समुपदेशन करणारी माझी जुनी विद्यार्थिनी तिला घेऊन आली. “बाई, दोन आठवडे ठेवाल?” मी ठेवलं. त्याला आता पाच महिने झाले. सुरुवातीला ती भिंतीकडे तोंड करून दिवसचे दिवस पडून राही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, आणि तिला एकटीला जेवू देऊ नका. मी वेळापत्रक केलं. सातला उठायचं, साडेबाराला माझ्यासमोर बसून जेवायचं, आठला गोळी. दुपारी लोळायचं नाही. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, “बाई, तुमच्या शाळेत हसल्यार छडी मारीत काय ओ?” इथे आल्यापासून तिने केलेला हा पहिला विनोद. मी म्हटलं, “कारण असल्यास नाही.”

गाऱ्हाणं आता तुमचा पुतण्या घालतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी त्याला तिचं नाव सांगितलं, आणि ते माझ्या नावानंतर घ्यायचं असंही सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, “अक्का, माझा काय नाय. पण देवाक काय म्हणान सांगू? चेडू काय झील?” मुलगी की मुलगा, एवढाच त्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, “घरातला चेडू म्हणान सांग.” तो बरं म्हणाला. तिला मी हे सांगून ठेवलं होतं, हे माझं चुकलं. ती सकाळी लवकर न्हाली, माझी निळी साडी नेसली.

खोली माणसांनी भरली होती. पुतण्याने माझं नाव घेतलं, मागे वळून पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाला, “आणि जी कोण भायर आसत, तेंकाय सांभाळ म्हाराजा!” सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. अण्णा, मीही म्हणाले. विचार करायच्या आत तोंडातून गेलं, सत्तर वर्षांची सवय आहे ती. पण माझ्या शेजारून तिचाही आवाज आला. तिचंच नाव वगळलेल्या गाऱ्हाण्याला ती हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती.

पुतण्या नंतर मागच्या दारी आला. “अक्का, तोंडार इला होता गो. पण समोर सगळो वाडो उभो…” मी त्याला हाताने गप्प केलं. त्याला बोलायचा मला हक्क नव्हता.

रात्री आठला ती गोळी घ्यायला आली नाही. पाहिलं तर तिने पिशवी भरली होती आणि साडी घडी करून खाटेवर ठेवली होती. म्हणाली, “बाई, माका वाईट नाय वाटला. माका सवय आसा.” खंय जाणार, विचारलं, तर ती साडीची घडी पुन्हा नीट करायला लागली. मी म्हटलं, “सकाळपर्यंत थांब. गाऱ्हाणं चुकलं आहे, ते परत घालायचं आहे.” मला दुसरं काही बोलता येत नाही.

सकाळी आम्ही दोघीच होतो. मी नारळ ठेवला, तुमच्याच चालीवर सुरुवात केली. तिचं नाव घेतलं, ह्या घरातला चेडू म्हटलं. मागे कोणी नव्हतं, तेव्हा तिनेच ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, अगदी हळू. ते ऐकून मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग गेलेल्यांची नावं घेतली. आजोबा, आजी, आई, आणि पहिल्यांदाच धाकटा. मग ती रात्रीची राहिलेली गोळी घेऊन माझ्यासमोर बसून पेज जेवली. पिशवी अजून तिने रिकामी केलेली नाही, मीही कर म्हटलेलं नाही.

गेलेल्यांत तुमचं नाव मी घेतलं नाही, अण्णा. चहा पिताना ते लक्षात आलं असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. आईचं नाव घेऊन झाल्यावर मी थांबले होते, तुमचं नाव जिभेवर होतं, आणि मी पुढे गेले.