‘दगडाखालचं पाणी’ कोणाचं

मी, लॅसेल्स बर्नेट, वय शहात्तर, धंदा गाणे व रेकॉर्ड काढणे, राहणार ग्रीनिच फार्म, किंग्स्टन, हा कागद राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. वकील मिस पिनक यांनी तीनदा खात्री करून घेतली. खोलीतला गांजाचा धूर सकाळचा होता. आम्ही रास्ता पंथाचे लोक मरणाचं नाव काढत नाही. मी तर तीन रेकॉर्डवर ‘मला मरण नाही’ असं गायलोय. डॉक्टरांनी त्या ऐकलेल्या दिसत नाहीत.

१. घर व अंगण मुलगी मार्वाला. शवपेटीत मावत नाहीत म्हणून माझ्या जटा कापू नयेत, पेटी मोठी आणावी. फ्रिजमधला खारवलेला मासा माझा नाही. पंथाच्या नियमाने मी मीठ खात नाही, हे मुलाखती वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तोही मार्वाने घ्यावा.

२. पत्र्याचा स्टुडिओ मार्वालाच. टेप मशीन उजवीकडून थापड मारल्याशिवाय चालत नाही. मेहुणा क्लिफ्टन माझी बेस गिटार ‘दोन दिवसांसाठी’ घेऊन गेला, ते १९८४ साली. ती त्यालाच दिली, म्हणजे निदान अंत्यविधीला तरी तोंड लपवून येणार नाही.

३. ज्या गाण्याच्या जिवावर माझं नाव झालं, हे घर झालं, ते ‘दगडाखालचं पाणी’ माझं नाही. ते एग्बर्ट डाकोस्टाने रचलं आणि त्यानेच गायलं. १९७८ साली त्याची एक आणि माझी एक, अशा दोन रेकॉर्ड एकाच दिवशी छापून आल्या. लेबलं मी स्वयंपाकघरात बसून खळीने चिकटवली आणि गठ्ठ्यांची अदलाबदल झाली. शनिवारी त्याचं गाणं माझ्या नावाने गल्लोगल्ली वाजलं. माझं त्याच्या नावाने निघालं, ते कुणी फुकटही नेलं नाही. त्यावरून लोक अजून त्याची टिंगल करतात.

“सोमवारी दुरुस्त करू,” मी त्याला म्हणालो. सोमवारी मला इंग्लंडचं तिकीट आलं. तो सोमवार अजून उजाडायचा आहे.

पुढे एग्बर्ट माझ्या मागे उभा राहून स्वतःच्याच गाण्याला साथ देत राहिला. मी कधी विषय काढलाच, तर म्हणायचा, “सोड रे. तू ते इतकं बेसूर गातोस, की माझं आहे म्हणायची मलाच लाज वाटते.” मी हसायचो. लाज मला वाटायला हवी होती, आणि वाटत होती.

ते गाणं, त्याचे सर्व हक्क व त्यावरचं नाव एग्बर्टला देतो. ‘देतो’ नव्हे. परत करतो.

साक्षीदार १: ओडेट ग्रे, मासळीवाली. सही.

साक्षीदार २: एग्बर्ट डाकोस्टा. (नाव खोडले आहे. कारण लिहितो: एग्बर्ट सहीला वाकला, तेवढ्यात मिस पिनक म्हणाल्या, “मिस्टर डाकोस्टा, साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही हं.” मला वाटलं, हा हट्टी माणूस आता मुद्दाम सही ठोकणार. त्याने पेन खाली ठेवलं. “लॅसेल्स,” तो म्हणाला, “दुसरा साक्षीदार बघ.”)

साक्षीदार २: सिरिल हिल्टन, पाववाले, रस्त्यावरून बोलावून आणले. सही.

लिहून ठेवणार: लॅसेल्स बर्नेट. सही.

किंग्स्टन, ११ मार्च २०१९. सोमवार.