बेसवाल्याची जागा

गुलबर्गा
९ नोव्हेंबर १९८६

चि. पंचशीला,
बळीरामकाकाचा तुला आणि घरातल्या सगळ्यांना जयभीम.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. बसडेपोच्या वर्कशॉपात दिवसभर वेल्डिंग, संध्याकाळी ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस. डोळे चुरचुरतात, बाकी तक्रार नाही. तूर कशी आहे ते तुझ्या बापाने कळवलं नाही. एवढी लांबलचक चिठ्ठी लिहिलीस आणि त्यात तुरीचं नाव नाही, म्हणजे तू खरोखरच बिघडलीस.

आपल्या तालुक्याच्या गावच्या, कल्याणच्या गायन पार्टीने तुला बेस गिटार हातात दिली हे वाचून मी दोन घरं सोडून राहणाऱ्या बंडेप्पाला ओरडून सांगितलं. बंडेप्पा म्हणजे आमचा ड्रमवाला. तो म्हणाला, "पोरगी वाजवायलीय? मग पार्टीला बरे दिवस आले म्हण की." त्याचा तुला आशीर्वाद.

आता तुझे प्रश्न. तू विचारतेस तसे क्रमाने नाही, मला सुचतील तसे सांगतो.

गिटार जुनी आहे म्हणून रडू नकोस. माझीही कलकत्त्याची, तिसऱ्या हाताची आहे. फक्त मान वाकली आहे का ते बघ. एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तशी टोकाकडून बघायची. वाकली असेल तर मानेवरच्या पट्ट्यांमधल्या वरच्या घरांत सूर फसतो आणि तुला वाटतं की तुझं बोटच चुकतंय. एसटीच्या टपावर गिटार कधी टाकायची नाही. आपल्याकडच्या उन्हात लाकूड पिळवटून निघतं. मांडीवर घेऊन बसायचं, कंडक्टर काय बोलायचं ते बोलू दे.

तारा काळ्या पडल्यात म्हणतेस. नव्या इथे मिळत नाहीत, सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. त्यापेक्षा त्या काढ, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून उकळ, फडक्याने पुसून उन्हात वाळव. मळ सुटतो आणि आवाज पुन्हा उघडतो. वहिनींच्या चहाच्या पातेल्यात उकळू नकोस, नाहीतर घर सोडून माझ्याकडे राहायला यावं लागेल.

पेटीवाल्याला सूर विचारायला लाजू नको. गाणारे लोक 'काळी एक', 'पांढरी चार' असं सांगतात, आपल्या तारांवर असलं काही लिहिलेलं नसतं. दुसऱ्या जाड तारेवर तिसऱ्या घरात पांढरी एक, चौथ्यात काळी एक. तिथून पुढे मोजून पाठ करून टाक. गायकाचा घसा बसला की तो ऐनवेळी पट्टी खाली आणतो आणि सगळे तुझ्याकडे बघतात. तेव्हा मोजायला वेळ नसतो.

बोटांना फोड येतील. फुटू दे. हळद लाव, पण वाजवणं बंद करू नको.

गिटारच्या लहान स्पीकरच्या खोक्यात बेसची वायर घालू नको, स्पीकरचा पडदा फाटेल. मोठा स्पीकर असलेला जुना रेडिओ मिळाला तर त्याच्या खोक्यातून काम भागेल. आणि हे नीट ऐक: गावोगावी लाइट खांबावरून आकडा टाकून घेतात, अर्थिंगचा पत्ता नसतो. एक हात तारांवर आणि ओठ माईकला लागले की झटका बसतो. माझा एकदा दात हलला होता. टेस्टर पिशवीत ठेव आणि माईकला आधी टेस्टर, मग तोंड.

आता खरी गोष्ट. बेस वाजवणाऱ्याने कमी वाजवायचं असतं. ढोलकीवाला चार वाजवेल, गिटारवाला सोळा वाजवेल, तू एक वाजव, पण तो जिथे पडायला हवा तिथेच पडला पाहिजे. गाणं विसरलीस तर अंदाजाने काही ठोकू नको, तारेवर हात ठेव आणि गप्प रहा. लोकांना बेस वाजतोय हे कळत नाही, तो थांबला की काहीतरी गेलं एवढं कळतं.

म्हणून पुढे गायकाशेजारी उभं राहायचं नाही. पार्टीवाले तुला पुढे उभं करायला बघतील, मुलगी आहेस, लोक बघतील म्हणून. ऐकू नको. बेसवाल्याची जागा मागे, ड्रमवाल्याला लागून, त्याचा उजवा पाय दिसेल अशी. मोठा ड्रम तो त्या पायाने वाजवतो. तो पाय आणि तुझं बोट एकाच वेळी पडलं पाहिजे. पुढे उभी राहिलीस तर पाय दिसणार नाही आणि सगळं गाणं लंगडं होईल. मी इतकी वर्षं बंडेप्पाच्या पायाकडे बघत उभा आहे. त्याच्या बायकोने त्याचं तोंड बघितलं नसेल इतका मी त्याचा पाय बघितलाय. मागची जागा कुणी देत नाही, आपण मागून घ्यायची.

कुठल्याही पार्टीत शिरताना गायक कोण हे विचारू नको, ड्रमवाला कोण ते विचार. तो ठेका सोडणारा असेल तर नमस्कार करून घरी ये.

सहा डिसेंबरला विहारात तुमचा पहिला कार्यक्रम आहे, त्या दिवशीची गाणी संथ असतात. संथ वाजवणं अवघड. घाई होते. मनात श्वास मोजत वाजव.

शेवटी तू लिहिलंस की अप्पा, तुझे आजोबा, नको म्हणतात. गा म्हणतात, पेटी वाजव म्हणतात, पण 'बळीरामचं ते वाद्य' नको. आणि विचारलंस की काका, तुम्ही घरी का येत नाही, अप्पा तुमच्याशी का बोलत नाहीत.

पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हाची गोष्ट आहे. आपण दीक्षा घेतली त्या साली तुझ्या आजोबांनी खुंटीवरचं डफडं उतरवलं, कातडं फाडलं आणि त्याचं लाकडी कडं जाळून त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. त्याआधी गावातल्या प्रत्येक लग्नात ते वाजवत. मांडवात नाही, मांडवाबाहेर उभं राहून. पंगत उठली की जे उरेल ते, तेही बाहेरच. पाणी तापल्यावर त्यांनी मला आणि दादाला, म्हणजे तुझ्या बापाला, त्या पाण्याने आंघोळ घातली आणि म्हणाले, "आता आपल्या घरातलं कुणी कुणाच्या मांडवाबाहेर उभारायचं न्हाई." आणि मी मोठा होऊन वाजवणाराच झालो. ऑर्केस्ट्रा झाला तरी वाजवणंच ते. आळंदच्या उरुसात आमचा कार्यक्रम होता तेव्हा ते आपल्या गावाहून, कोहिनूरहून बघायला आले होते. लांब, रसवंतीपाशी त्यांचा पटका दिसला. मला इतका आनंद झाला की मी एक आख्खी ओळ चुकलो. कार्यक्रम संपवून धावत गेलो तर ते निघून गेलेले. नंतर घरी आलो तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून तेच आहे. भिंतीशी बोलायला मी येत नाही.

अप्पांचा दमा वाढला म्हणतेस. दादाला सांग, बिदरच्या मोठ्या दवाखान्यात दाखव. रात्री उशाला दोन उशा द्या.

झालं. तारा उकळ.

तुझा काका,
बळीराम

* * *

गुलबर्गा
२४ नोव्हेंबर १९८६

चि. पंचशीला,

जयभीम.

तुझं दुसरं पत्र वर्कशॉपच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. घरी आलं असतं तर पोरांसमोर वाचावं लागलं असतं. मी ते बसच्या खाली, खड्ड्यात उतरून वाचलं. परत वर यायला वेळ लागला.

माझं पत्र तू अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलंस. मी तुला तसं करायला सांगितलं नव्हतं. शहाणी आहेस. तू लिहिलंस की तारांचं, खोक्याचं सगळं त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि 'बेसवाल्याची जागा मागे' म्हटल्यावर डोळे उघडले. पुन्हा वाच म्हणाले. तू वाचलंस. 'मागची जागा कुणी देत नाही, आपण मागून घ्यायची' हे त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. आणि मग तुला म्हणाले:

"म्हंजी त्याला कुणी मागं उभं केलं नव्हतं?"

पंचशीला, तू त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवलेस म्हणून तुझे उपकार. मी ते इथे परत लिहितोय, कारण लिहिल्याशिवाय माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. "आळंदला मी डोळ्यानं बघितलं की. गाणारे पुढं, पेटीवाला पुढं, समद्यांची नावं घेऊन टाळ्या पडायल्यात. माझं पोरगं मागं, अंधारात, डरमाच्या आडोशाला. मी म्हणलं, हितंबी आपल्याला मागंच ठिवलंय. त्यो सांगंना, मग मी कामून विचारू? पोराला अजून किती खाली बघायला लावू?"

मला वाटत होतं की त्यांना माझी लाज वाटते. आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते ते मला लाज वाटू नये म्हणून. आम्ही बापलेक दोघेही महामूर्ख. तिसरा तुझा बाप, ज्याने एकदाही मध्ये पडून विचारलं नाही.

त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? ज्याने जन्मभर मांडवाबाहेर उभं राहून आतला उजेड बघितला, त्याला मागे उभा असलेला मुलगा दुसरा कसा दिसणार? बंडेप्पाला हे सांगितलं. तो लिंगायत, त्याने कधी कुठल्या मांडवाबाहेर उभं राहून बघितलेलं नाही. ऐकून माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "इतकी वरसं माझ्या पायाकडं बघत उभारलास, आन तिकडं तुझ्या बापाच्या काळजावर पाय पडायलता व्हय रे?" असलं बोलणं त्याच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकलं.

तू लिहिलंस की अप्पांचा आता श्वास पुरत नाही, बसूनच झोपतात, आणि बिदरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. आणि तरी त्यांनी एक गोष्ट विचारायला लावली: "कधीच कुणी मागं केलं न्हाई का, खरं सांग म्हणावं." ते मला ओळखतात. मी गोड बोलून वेळ मारून नेईन हे त्यांना ठाऊक आहे.

म्हणून पुढचं त्यांच्यासाठी लिहितोय. त्यांच्या जवळ बसून वाच, सावकाश वाच. दम लागला तर थांब.

अप्पा,

एकदा केलं. गाव सांगत नाही, लग्नाचा कार्यक्रम होता. जेवायच्या वेळी यजमानाच्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं ताट गोठ्यापाशी ठेवलंय. मी वायर काढली, गिटार गुंडाळली आणि जीपमध्ये जाऊन बसलो. आत गाणं सुरू झालं. बेसशिवाय. पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात बंडेप्पाने काठ्या खाली ठेवल्या आणि बाहेर आला. म्हणाला, "तू न्हाईस तर माझा पाय कुठं पडायलाय मलाच कळंना." मी का बसलोय ते त्याला तेव्हा सांगितलं. मग आम्ही सगळं सामान भरून परत निघालो. सगळे उपाशी, आणि वाटभर मला शिव्या घालत होते की हे आधी का नाही सांगितलंस. त्यानंतर कार्यक्रमाची सुपारी घेतानाच सांगतो: ऑर्केस्ट्रा एका पंगतीत जेवतो. ज्यांना नको असतं ते बोलवत नाहीत. काही गावं कमी झाली.

तेवढंच. बाकी कधीही मला कुणी मागे ठेवलेलं नाही. आळंदला तर मुळीच नाही. त्या दिवशी मंडपवाल्याने माझा माईक पुढे लावला होता, तो मी स्वतः उचलून मागे नेला. तुम्ही डफडं वाजवताना सनईवाल्याच्या गालाकडे बघत होता, तो फुगला की तुमची थाप पडायची, आठवतं? मी तुमच्या पायाशी बसून ते बघायचो. तुमच्या मागे लोक काय म्हणतात ते मला तेव्हा कळत नव्हतं, फक्त थाप कळत होती. तुम्ही लाकूड जाळलंत ते बरोबर केलंत. थाप मात्र माझ्याकडे राहिली होती, ती तुम्हाला सांगायची राहून गेली.

तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. आता दोघांनी तेवढ्यावर वेळ घालवायला नको.

मी येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने आळंदमार्गे येतो. गिटार मांडीवर असेल, टपावर नाही. बंडेप्पा बरोबर येतोय, त्याला तुमच्या पाया पडायचंय. मोठा ड्रम घेऊन येईल, खोका मी आणीन. तुमची बाज अंगणात काढायला दादाला सांगा. पंचशीलेकडून सहा तारखेची दोन गाणी तिथेच बसवून घेऊ, आणि ती मागे उभी राहील. तुमची बाज आम्ही पुढे टाकणार नाही, अप्पा. आमच्याबरोबर मागे, ड्रमला लागून. बंडेप्पाचा पाय तुमच्या डोळ्यासमोर असेल. तिथून बघा, मला कुठे उभं केलं होतं ते.

शुक्रवारपर्यंत दम धरा. एवढं माझं ऐका.

स्वतःच्या मर्जीने मागे उभा राहणारा,
तुमचा
बळीराम