साहेबांच्या डाव्या बुटाखाली

दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईंना,
सप्रेम नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल. थंडीत गुडघा दुखतो तुमचा, तेव्हा जिना जपून चढा. इकडे मी ठीक. दुकानाच्या पुढच्या काचेला तडा गेला होता, ती बदलून घेतली. काचवाल्याने दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले आणि वर मलाच म्हणाला, "बाई, काच आहे ही, घाई केली तर पुन्हा याल माझ्याकडेच."

या पत्राबरोबर एक खोकं येईल. ते उघडण्याआधी पत्र पुरतं वाचा. थोडक्यात लिहायला मला जमलं नाही. आधीचे तीन कागद फाडले.

खोक्यात साहेब आहेत, टिल्लूचा तो खेळण्यातला वीर. साहेब आणि त्यांची तीनचाकी गाडी.

मार्च महिन्यात तुम्ही त्यांना टिल्लूच्या टॉवेलात गुंडाळून दुकानात आणलंत. पाणीसुद्धा घेतलं नाहीत. म्हणालात, "अगं, पोर जाऊन वर्ष झालं. कपाट उघडलं की हा मुखवटेवाला बघत बसतो माझ्याकडे. घरात बघवत नाही आणि टाकवतही नाही. तुझ्याकडे जुनी खेळणी जमवणारी माणसं येतात ना? नीट तपास आणि ज्याला कदर आहे त्याच्या घरी जाऊ दे."

मी म्हटलं, आठ दिवस द्या.

ताई, मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हे गेल्यावर सगळे म्हणाले, दुकान काढून टाक. मी यांची जुन्या खेळण्यांवरची जाडजूड पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. पहिल्या पुस्तकाला सात महिने लागले. आता लांबून माणसं येतात आणि वस्तू अस्सल असल्याचा माझा दाखला बघून घेतात. म्हणून सांगते, साहेबांसाठी आठ दिवस लागायचं काही कारण नव्हतं. अर्ध्या तासात मला सगळं कळलं होतं.

साहेब अस्सल आहेत.

डाव्या बुटाखाली कारखान्याच्या ठशाचा तांदळाएवढा गोल आहे, त्यात आकडा. नक्कल करणाऱ्यांना तो गोल साधत नाही, त्याची कड बसकी येते. साहेबांच्या बुटाखालची कड नखाला लागते. गाडीची पुढची काच दोन्ही बिजागऱ्यांवर उघडते, गाडीतून सुटणारं रॉकेट मूळचंच आहे. त्याच्या टोकावर दातांच्या खुणा आहेत. पाठीवरच्या केपच्या एका बाजूचा रंग उन्हाने उडालाय, म्हणजे साहेब बरीच वर्षं खिडकीत उभे होते. बसायच्या जागेवरचा रंग पार गेलाय. इतक्या वेळा गाडीत बसवलेला आणि उतरवलेला वीर मी दुसरा पाहिला नाही. आमच्या धंद्यात याला दोष म्हणतात.

आणखी एक दोष, उजवा खांदा दुरुस्त केलेला आहे. आठवतं? टिल्लूने साहेबांना गच्चीवरून उडवलं आणि हात निखळला. रडत रडत दुकानात आला. यांनी हातात चिमटा घेतला आणि म्हणाले, "साहेबांचं ऑपरेशन आहे. नातेवाइकांनी बाहेर थांबावं." आणि ते पोरगं खरंच पाऊण तास पायरीवर बसून होतं, मधूनमधून दारातून विचारत होतं, "मामा, शुद्धीवर आले का?"

मी पाठीचा स्क्रू काढला तेव्हा आत, हात धरून ठेवणाऱ्या दोरीला, यांची गाठ दिसली. दोन वेढे, आणि दोरीचं टोक किंचित जाळून बसवलेलं. तशी गाठ दुसरं कोणी मारत नाही. मी ती बघत बसले, मग स्क्रू परत लावला.

आठ दिवसांनी तुम्ही आलात आणि मी म्हटलं, "ताई, नक्कल आहे."

तुम्ही आधी हसलात. "नक्कल? नुसत्या बोटांनी चाचपून खेळण्याचं वय सांगायचा माझा भाऊ. त्याला कळलं नाही होय?"

मी टेबलावरचा टॉवेल जवळ ओढला.

मग तुमचं हसू गेलं. "म्हणजे त्याला माहीत होतं. खरं ते गिऱ्हाइकाला विकलं आणि भाच्याला हे दिलं." आणि म्हणालात, "दवाखान्यात पोरगं प्रत्येक नर्सला दाखवत होतं. माझ्या मामाने दिलंय, अस्सल आहे, आता थोडीच उरलीत म्हणून. शेवटच्या आठवड्यात हात उचलवत नव्हता, तरी सांगत होतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी टेबलावरचा टॉवेल घडी करत राहिले.

"राहू दे तुझ्याकडेच," तुम्ही म्हणालात. "मला नको ते." आणि टॉवेल तेवढा घेऊन गेलात.

फाडलेल्या तिन्ही कागदांवर मी असं लिहिलं होतं की, वस्तू नकली निघाली तर तुम्ही ती विकणार नाही, घरी न्याल, आणि पुढे कधी तिचाच आधार वाटेल, म्हणून मी खोटं बोलले. वाचायला बरं वाटत होतं. पण ते तसं नाही.

मला ते हवं होतं, ताई.

तुमच्याकडे टिल्लूचे कपडे आहेत, वह्या आहेत, दारावर उंचीच्या रेघा आहेत. मला मूल झालं नाही, त्याबद्दल तुम्ही कधी वावगा शब्द काढला नाहीत. पण दर रविवारी ते पोर या दुकानात येऊन बसायचं. यांच्या शेजारी स्टुलावर, दोघांची डोकी एका दिव्याखाली. ते दोघं मिळून माझं घर भरायचे. हे गेले, मागून दोन वर्षांनी टिल्लू गेला, आणि दोघांचा हात लागलेली एवढी एकच वस्तू उरली. ती तुम्ही परक्याला द्यायला निघाला होतात. सरळ मागितली असती तर तुम्ही दिली असती, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, मामीचा हक्क तो काय, आईपुढे कुठल्या तोंडाने मागू. मागायची लाज वाटली. खोटं बोलायची वाटली नाही.

आठ महिने साहेब माझ्या उशाशी आहेत. सुख लागलं का म्हणाल, तर नाही.

परवा तुमच्या यजमानांचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, हिचं काय बिनसलंय तुम्हाला माहीत आहे का? भावाने दिलेलं घड्याळ, शाल, सगळं वाटून टाकलं. फोटोसुद्धा उतरवला. त्याचं नाव काढलं तर उठून जाते. म्हणते, माझं पोर त्याच्या खोट्यावर विश्वास ठेवून गेलं." मी म्हटलं, मला काही कल्पना नाही. फोन ठेवला आणि हा कागद घेतला.

यांनी साहेबांना कुठून आणलं ते ऐका. एका म्हातारीच्या संग्रहातून, बोलून बोलून मिळवलं. पुढे एक निवृत्त मास्तर, मोठे संग्राहक, साहेबांना विकत मागायला तीनदा दुकानात येऊन गेले. यांचं उत्तर ठरलेलं, "ती वस्तू माझी नाही, भाच्याची आहे. त्याला विचारा. तो सध्या दुसरीत आहे." मास्तर चिडून गेले. तुमच्या भावाने आपल्या दुकानातली सगळ्यात चांगली वस्तू टिल्लूला दिली होती. टिल्लू नर्सना सांगत होता त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

माझ्या दाखल्यावर आता तुम्ही विश्वास का ठेवावा? ठेवू नका. खोक्यात यांचं भिंग ठेवलंय. खिडकीपाशी बसा, डावा बूट वर करा. गोल दिसेल. त्याच्या कडेवरून नख फिरवा. तेवढ्यानेही समाधान झालं नाही तर दुसऱ्या जाणकाराकडे न्या. आपल्या गावातला नको, तो मला ओळखतो. मास्तरांचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय. ते अजून आहेत आणि ते जपतील. द्यायचं, ठेवायचं, काय ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मध्ये बोलणार नाही.

गेल्या महिन्यापासून मी दाखले लिहायचं बंद केलंय. बाहुल्यांचे डोळे बसवते, चाव्या दुरुस्त करते.

खेळणं तुमच्याकडून घेतलं होतं, ते आज टपालाने परत येतंय, तुमच्यासमोर यायचं धाडस नाही. भाऊही मीच घेतला तुमचा. त्याला परत पाठवायला माझ्याकडे या कागदापलीकडे काही नाही. माझ्याशी बोलू नका, दारात उभं करू नका, मी समजून घेईन. त्यांच्यावर मात्र रागावू नका. ते तुम्हाला उत्तर देऊ शकत नाहीत, आणि ज्या बाईने द्यायचं ती आठ महिने गप्प बसली.

तुमच्या भावाच्या नावाला बट्टा लावणारी,
त्यांचीच बायको