दार उघडलं आबांनीच

॥ श्री ॥
१२ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. आम्ही सुखरूप पोचलो एवढं आधी वाच, आणि मग खाली बस. पुढचं उभ्याने वाचण्यासारखं नाही.

आबांचं लहानपणीचं घर सापडलं. आबा गल्लीच्या तोंडाशी बाकावर टेकले, म्हणाले, आत कोण राहतं ते तू बघून ये. हे त्यांच्यापाशी थांबले. मी कडी वाजवली, आणि दार कुणी उघडावं? आबांनी! अंगात नुसता बनियन, हातात चहाची गाळणी. मी तिथेच करवादले, की मागच्या दाराने आलात का, सदरा कुठे टाकलात, खोकला आहे ना?  त्यांच्या हातातून गाळणी पडली. म्हणाले, म्हणजे तो आलाय?

ताई, आबांना जुळा भाऊ आहे. आणि आपल्याला जन्मभर सांगत आले, मी एकुलता एक!  देवाचं नाव घ्यायचंही सुचेना.

सहा वर्षांचे असताना दोघांतला एक निपुत्रिक मावशीला द्यायचं ठरलं. दोन दिवस पाहुणा म्हणून जा, असं सांगून आबांना धाडलं, ते परत आणलंच नाही. आपण जिला आजी म्हणत होतो ती ही मावशी. मोठेपणी काकांनी पत्रं टाकली, आबांनी उघडली नाहीत. काल समोरासमोर बसल्यावर आबांनी एकच विचारलं, दोघांतला मीच का नकोसा झालो? काका रडायलाच लागले. म्हणाले, नकोसा कुणीच नव्हता रे. द्यायचं मलाच ठरलं होतं. निघायच्या दिवशी मला ताप भरला, म्हणून तुला गाडीत बसवलं.

तेव्हापासून आबा भिंतीकडे तोंड करून बसलेत. जेवत नाहीत, इथून हलत नाहीत. काय करू ते लिही, याच पत्त्यावर. काकांनी ठेवून घेतलंय, लॉजचं भाडं वाचलं, तेवढंच. माया आहेच तुझी, ती अशीच राहू दे.
तुझी,
धाकटी

१६ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ. तुझं पत्र वाचता वाचता कढईतलं सगळं करपलं. तुझ्या भावोजींनी घाबरून विचारलं, कोण गेलं? म्हटलं, गेलं कुणी नाही, आलंय!

पण मला दुसरंच आठवलं. माझ्या जुळ्या मुली आठ महिन्यांच्या असताना, तुला मूल नाही म्हणून आईने त्यातल्या छोटीला तुझ्या ओटीत घालायचं ठरवलं होतं. मी हो म्हटलं होतं, तिची दुपटीसुद्धा बांधून ठेवली होती. आणि आबा उंबऱ्यात आडवे पडले, की पोर जाईल तर माझ्या अंगावरून जाईल. एवढा मवाळ माणूस! लोक म्हणाले, धाकटी चिकट, तिच्याकडे पोर अर्धपोटी राहील, म्हणून बाप अडवतो. तू ते खरं मानलंस. आबांचं औषधपाणी कधी चुकवलं नाहीस, पण मनातली अढीही सोडली नाहीस.

आता कळतंय ना, ते का अडले? त्यांच्या मनातलं शल्यही आता निघालं असेल. छोटी बाराची झाली, तुझ्यावर जीव टाकते. या सुट्टीपासून तिला तुझ्याकडेच राहू दे. तू नुसतं हो म्हण. जिवाला जप, आणि आबांनाही जप.
तुझी,
ताई

२१ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र पायरीवर बसून वाचलं. अकरा-बारा वर्षं मी रोज देवापुढे आबांची तक्रार नेली. तो बिचारा ऐकून घेत होता.

आबांना मी काही विचारलं नाही, पत्रच हातात दिलं. वाचून म्हणाले, तुझ्या घरात नको असं कधीच नव्हतं गं पोरी. गेलेल्या पोराचं काय होतं ते मला माहीत होतं. तेवढ्यात काका आतून ओरडले, आणि राहिलेल्याचं काय होतं ते मला विचारा!

मग दोघे जेवायला बसले. आबांनी काकांच्या ताटातली आंब्याची फोड उचलली, तर काकांनी चक्क हातावर चापट मारली. सत्तरीला टेकलेली माणसं!

ताई, छोटी मला हवी होती. आजही हवी आहे. पण तिला पाठवू नकोस. एकटीला तर एका रात्रीसाठीही नको. पाठवशील तर दोघींना पाठव, आणि जातायेताची तिकिटं दोघींची एकदमच काढ. खर्च होऊ दे.
तुझीच,
धाकटी