रेघ मारलेले एकोणीस दिवस

सोमवार, ३ मार्च

व्यवहार नाहीत म्हणे! कॉलेजातले प्राध्यापक पुस्तकात चाळीस वर्षांचे दर छापतायत – आपल्या एका नोटेला पुलापलीकडच्या देशाच्या किती मिळायच्या, अगदी महिनावार – आणि पूल बंद होता त्या महिन्यापुढे नुसती आडवी रेघ. खाली बारीक अक्षरात, ‘व्यवहार नाहीत.’ सुनेनं वाचून दाखवलं तेव्हा जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग पुलाच्या तोंडाशी ते एकोणीस दिवस मी काय माशा मारत बसले होते?

हेच प्राध्यापक दोनदा माझ्या नोटा बदलायच्या खिडकीशी उभे राहून सगळं विचारून गेले. एकाला एक होती ते दिवस सांगितले. मग पलीकडचं सरकार नोटा छापत सुटलं, एकाला चार झाल्या, एकाला नऊ झाल्या, तेही सांगितलं. सगळं उतरवून घेतलं. नेमकं माझंच गाळलं!

मंगळवार, ४ मार्च

फोन केला. “बाई, दोन्हीकडच्या बँका बंद होत्या. दर ठरवणारं कोणी नव्हतंच.”

मी होते, म्हटलं. उद्या बोलावलंय त्यांना.

बुधवार, ५ मार्च

आले. बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. पूल गाड्यांना बंद होता, पायी माणसं सोडत होते. मोठा दवाखाना आपल्या बाजूला. तिकडून आजारी माणसं यायची, ढीगभर. इकडून जाणारी मोजकीच. हातात नोटा, आणि दर कोणालाच ठाऊक नाही. बँकेचा आदला दर धरून बसले असते तर आठवड्यात माझं दिवाळं निघालं असतं – तिकडे महागाई रोज चढत होती.

म्हणून मी साबण धरला. कपड्यांची निळी वडी. एकाच कारखान्यातली, दोन्ही काठांवर तीच. इकडे चारला. तिकडे कितीला? पुलाच्या त्या टोकाला एक किराणावाला – आम्ही त्याला साबणवालाच म्हणतो – रोज सकाळी पहिल्या माणसाबरोबर चिठ्ठी धाडायचा. पहिल्या दिवशी ‘वडी चव्वेचाळीसला.’ भागा चारने. अकरा. लागला दर! शेवटी शेवटी बावन्न, म्हणजे तेरा. मी पाटीवर खडूनं लिहायचे, आणि बाकीचे खिडकीवाले माना वाकड्या करून माझी पाटी बघायचे.

“बाई, हे आम्ही कॉलेजात शिकवतो! तुम्ही शिकलात किती?”

“तिसरी. आणखी शिकले असते तर साबण सुचला नसता.”

पुरावा मागितला. डब्यातल्या एकोणीस चिठ्ठ्या काढून पुढ्यात आपटल्या. मग विचारतात, बँक उघडली ती कितीनं? पंधरानं! आदल्या दिवशी मी तेरानं घेतलेल्या नोटा, आणि बँक म्हणे एकाला पंधरा आणा. माझ्याकडे त्यांच्या नोटांची थप्पी पडलेली. वर्षभर खिडकीचं भाडं थकलं. बँकेनं लुबाडलं, हेही छापा, म्हटलं. ते काही लिहिलं नाही त्यांनी.

गुरुवार, ६ मार्च

सून म्हणते, “आई, एका रेघेचं इतकं काय मनाला लावून घेता?” अगं, जन्मात एकदाच अख्खा बाजार माझ्या पाटीकडे बघत होता. त्यावर मारलीय ती रेघ!

शनिवार, ८ मार्च

प्राध्यापक छापायला तयार. पण एका बाजूचा पुरावा पुरत नाही म्हणे. साबणवाल्याची रोजच्या भावाची वही बघायला पलीकडे जाणार. म्हटलं, खुशाल जा. आकडान् आकडा जुळेल. माणूस तोंडाळ आहे, पण व्यवहाराला चोख. पूल उघडल्यावर एकदाच भेटला होता. “बाई, तुमच्यामुळे माझा साबण गाजला, पण खपला एकही नाही!”

“मग स्वतःचे कपडे धुवा, एक तरी खपेल.”

सोमवार, १० मार्च

अजून आले नाहीत. एक वही बघायला इतका वेळ?

मंगळवार, ११ मार्च

आले. बसा म्हटलं तरी बसेनात. “बाई, वही जुळत नाही. शेवटच्या दिवशी चिठ्ठीत बावन्न आहे, वहीत साठ. एकोणीसही दिवस असंच. रोज आठ कमी कळवलंय तुम्हाला.”

साठ भागिले चार. पंधरा. म्हणजे बँकेचं बरोबर होतं.

“त्याला विचारलंत?”

“विचारलं. बाईंनाच सांगेन म्हणाला. आता काय करू? शेवटच्या दिवसाचा दर तेरा छापू, पंधरा छापू, की रेघच राहू दे?”

उद्या सांगते म्हटलं आणि खिडकी लावून घेतली. भर दुपारी! बसून पुन्हा पुन्हा तेच. जिथे पंधरा द्यायच्या तिथे तिकडच्या माणसांनी तेरा दिल्या. फायदा कोणाचा? तिकडून दवाखान्यात येणाऱ्यांचा. आणि तो गेला माझ्या गल्ल्यातून.

बुधवार, १२ मार्च

प्राध्यापकांना कळवलं – तेराच छापा. लोकांनी दिला-घेतला तो दर तेरा.

साबणवाल्याला पहिल्या माणसाबरोबर चिठ्ठी धाडली: ‘आजाऱ्यांसाठी केलंत, कळलं. मला सांगितलं असतंत तर तेरा मीच लावला असता. बाई नाहीच म्हणेल, असं का धरून चाललात? शनिवारच्या आत उत्तर हवं. चिठ्ठी नको, स्वतः या.’