प्रकाश अकरा वाजता का पळतो

येना, ४ मार्च

ती. रोस्विथाताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? समुद्रावरचा वारा त्याला सोसतो का? (सहज विचारत नाहीये, शेवटपर्यंत धीर धर.) माझं म्हणशील तर ताप गेला, खोकला राहिला, आणि एकूणच मी आता दमले आहे. बासष्टाव्या वर्षी माणसाने बागेत कोबी लावावा. मी प्रकाश पकडते आहे.

पकडते म्हणजे मारेइके पकडते, मी भिंगं पुसते. मारेइके ही आमच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेट करणारी मुलगी. तिने काचेच्या चिपवर केसाहून बारीक एक कडं कोरून घेतलं आहे. त्यात प्रकाश सोडला की तो आत गोल गोल फिरत राहतो, आणि दुसऱ्या प्रकाशाचा नुसता धक्का देऊन त्याला हव्या त्या वाटेने बाहेर काढायचा. मध्ये तार नाही, वीज नाही, प्रकाशानेच प्रकाशाला वळवायचं. (आमच्या तरुणपणी प्रकाश दिव्यातून निघायचा आणि भिंतीवर पडायचा, कुणाची काही तक्रार नव्हती.) हे तिला जमलं आहे, पण परीक्षकांना सलग आठ तास जमलेलं हवं. तिची नेमणूक एकतीस मार्चला संपते. त्याआधी ते आठ तास मिळाले नाहीत, तर चार वर्षं पाण्यात आणि पोरगी सामानासकट परत आईच्या घरी.

तर सकाळी सगळं सुरळीत चालतं आणि बरोबर अकराला प्रकाश कड्यातून निसटतो. खटपट करून पुन्हा बसवावा, तर तीन वाजता पुन्हा पसार. संध्याकाळी मोजा म्हणशील, तर सहानंतर लेझरपाशी एकट्याने बसायला मनाई आहे, आणि दुकटं बसायला सहानंतर इथे थांबतं कोण?

शेवटी मीच कंबर कसली. पहिला संशय ट्रामच्या हादऱ्यांवर. मी ट्रामवाल्यांना खरमरीत पत्र लिहिलं. त्यांचं चार पानी उत्तर आलं, वेळापत्रकासकट: अकरा वाजता आमच्या रस्त्यावर ट्रामच नसते. (त्यातली दोन पानं मी पत्रावर विषय नीट लिहिला नव्हता याबद्दल होती.) मग लिफ्ट. ती इमारतीचे रखवालदार क्नाउप यांच्या ताब्यात. ते म्हणाले, "बाई, लिफ्ट काय घड्याळ बघून हलते का?" मी म्हटलं, "तुम्ही घड्याळ बघूनच हलता ना, मग तिने का नाही हलायचं?" आणि वर सगळ्यांच्या देखत त्यांना निष्काळजी म्हटलं. मग त्यांनी पाच दिवस लिफ्ट बंद ठेवून दाखवली. आमचे प्राध्यापक हासेलबाख चार मजले चढून येत आणि पुढची दहा मिनिटं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे (त्या आठवड्यात बैठका फार छान झाल्या). प्रकाश अकरा वाजता पळालाच. क्नाउप तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

या सगळ्यात मी मारेइकेची टोपी करायला घेतली आहे. दरवेळचीच, डॉक्टर झाल्यावर सगळ्यांनी मिळून डोक्यावर चढवायची, वर तिच्या कामातल्या वस्तू चिकटवलेली. आतापर्यंत चौदा केल्या, एकही वाया गेली नाही. ही अर्धी होऊन कपाटात पडली आहे, आणि कपाट उघडलं की मला रडू येतं. खरंच येतं, ताई.

मागच्या आठवड्यात दोन दिवस मी तापाने घरी होते. परत आले तर मारेइके आलेख बघत उभी. दोन्ही दिवसांची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ! पण ती अर्ध्या उजेडावरची नुसती चाचणी होती, ती मोजणीत धरत नाहीत. मी कोट टांगला, किटली लावली, आणि तेवढ्यात अकरा वाजले.

बाकी सर्व ठीक. थंडी अजून आहे. नातवंडांना माझे पापे.

तुझी दमलेली,
हाइड्रुन

ता. क. आता खरं सांगते. माझ्या खोलीची खिडकी. रोज अकराला आणि तीनला मी ती दहा मिनिटं सताड उघडते, आईने शिकवलं तशी, बाहेर बर्फ का पडेना. आणि मारेइकेच्या खोलीकडचं दार किलकिलं ठेवते. बिनखिडकीच्या खोलीत बसते बिचारी, जरा हवा मिळावी. त्या गारव्याने कडं बिथरतं. संशयितांच्या यादीत आम्ही ट्राम लिहिली, लिफ्ट लिहिली, शेजारचा पंप लिहिला; खिडकी कुणीच लिहिली नाही, कारण खिडकी उघडणं म्हणजे काही केलं असं आपल्याकडे कुणाला वाटतच नाही. सांगून टाकावं तर क्नाउपसमोर नाक कापलं जाणार. न उघडता राहूनही पाहिलं. अकरा वाजून सात मिनिटांनी हात आपोआप कडीवर.

आणखी ता. क. म्हणून तुझा गुडघा. तो पत्रात थोडा जास्त दुखू शकेल का? "ताबडतोब ये, निदान दोन आठवडे राहा" असं लिही. प्रयोगशाळेच्या पत्त्यावर, उघड्या कार्डावर लिही, म्हणजे क्नाउप वाचतील.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार तोच मारेइके आली आणि टेबलावर आगगाडीचं तिकीट ठेवलं. नऊ तारखेला तुझ्याकडे, परतीचं तेवीसचं. सोबतच्या कार्डावर सगळ्यांच्या सह्या, पहिली क्नाउपांची.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" मी विचारलं.

"तुम्ही तापातून उठून आलात ना, त्या दिवशी अकरा वाजल्यापासून."

"मग दार लावून का नाही घेतलंस?"

"हवा छान येत होती, हाइड्रुनबाई."

तेव्हा गुडघा बरा होऊ दे. टोपी घेऊन येते आहे, तिथेच पुरी करीन. माझ्या खोलीची खिडकी तेवढी उघडून ठेव.