हॅडलीला आई नाही

ब्रोकन बो, नेब्रास्का
११ एप्रिल

प्रिय रॉक्सी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, वर्नाला काय झालं, फोन बंद पडला की काय. फोन धडधाकट आहे. फोनवर तू रडतेस, आणि रडणाऱ्या माणसाला आकडे सांगता येत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळं बरं आहे. वारा काही थांबत नाही. ईस्टर झाल्यापासून सलूनमध्ये माशा मारतेय, बायकांचे केस वाढतच नाहीत असं दिसतं. तू पाठवलेली नासपतींची टोपली मिळाली. निम्मी सडकी निघाली, उरलेली शेजाऱ्यांना दिली. तुझ्या नवऱ्याला, ड्वेनला, विचारलं म्हणून सांग. ॲरिझोनात लोक अजून त्याच्याकडून अंगणात पोहायचे तलाव बांधून घेतायत ना? बांधोत बिचारे.

आता कामाचं. फेब्रुवारीत तू अचानक दारात उभी राहिलीस. पोरगी तिसरीत असताना तिला माझ्याकडे टाकून गेलेली, ती बारावीत आल्यावर उगवलीस.  मी खिमा-राजम्याची चिली केली, दालचिनीचे रोल केले, तुला वाढलं. दुसऱ्या दिवशी तू हॅडलीला बाहेर जेवायला नेलंस, बूट घेऊन दिलेस. तेव्हाही मी अडवलं नाही. मार्चमध्ये परत आलीस, तेव्हा हॅडलीने हौसेने कॉलेजांची फीच्या मदतीची पत्रं टेबलावर मांडली आणि तुला दाखवली. तिथेच मी ती उचलून ठेवायला हवी होती.

तुला ती नीट कळलीच नव्हती बघ. मान डोलावत होतीस नुसती. म्हणून परत सांगते.

एक आपल्या राज्याचं विद्यापीठ. घरची मुलगी म्हणून फी कमी, शिवाय मार्कांवर सवलत. वर्षाला चौदा हजार डॉलर कमी पडतात, ते कर्ज काढायचं. पण तिला शिकायचंय जंगलाचं, वणव्यांचं, आणि तो विषय तिथे नाही. असणार कुठून? आपल्याकडे झाड दिसलं तर लोक गाडी थांबवून बघतात.

दुसरं ओरेगॉनचं. तिथे ती परराज्यातली, म्हणजे फी जवळजवळ दुप्पट. सगळं धरून बावन्न हजार. पण त्यांनी चव्वेचाळीस माफ केले होते. उरलेल्या आठातले निम्मे ती उन्हाळ्यात वणवे विझवणाऱ्या टोळीत राबून कमावणार होती. परराज्यातल्या पोरीला इतकं कुणी देत नाही, रॉक्सी. शाळेतल्या समुपदेशक क्रेबेलबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत असं पत्र मी पाहिलं नाही.

ते का दिलं, तर हॅडलीला आई नाही म्हणून. बाप कोण ते तूच कधी सांगितलं नाहीस, आणि आई टाकून गेलेली, संपर्क नाही, पैसा नाही. मी लिहून दिलं, क्रेबेलबाईंनी लिहून दिलं, चर्चच्या पाद्रींनी लिहून दिलं. सगळं खरं होतं. पोर एकटी ठरली, म्हणून कुणाचीच कमाई तिच्या नावावर धरली गेली नाही, मावशीची तर धरतच नाहीत, आणि कमाई शून्य तेव्हा माफी मोठी.

आणि मग तू त्यांना फोन केलास.

ड्वेनने शिकवलं ना तुला, पहिला सांगितलेला भाव कधी घ्यायचा नाही, घासाघीस करायची? बरोबर आहे, तलाव असेच विकतात. तू ओरेगॉनला फोन लावून म्हणालीस, "मी हॅडलीची आई बोलतेय, आणखी थोडं सोडता का ते बघा." तिकडची बाई काय म्हणाली ते तिने मला नंतर सांगितलं. म्हणाली, "आई? आमच्याकडे नोंद आहे की आई नाही." आणि तू ठसक्यात सांगितलंस, "आहे तर! गेल्याच महिन्यात आम्ही जेवायला गेलो होतो."

झालं. पोरीला आई मिळाली. आईला नवरा आहे, नवऱ्याला कमाई आहे, आणि कायद्याने सावत्र बापाचीही कमाई धरतात. आठवड्याभरात नवं पत्र आलं. चव्वेचाळीसचे नऊ झाले. कोण भरणार त्रेचाळीस हजार, तू? ड्वेनला मी फोन केला होता, तुला बोलला नसेल. म्हणाला, "माझ्या पोरांचं मी केलं, दुसऱ्याच्या पोरांचं मी का करू?" मला तो माणूस आवडला नाही, पण त्याने निदान स्वच्छ सांगितलं.

ओरेगॉनच्या बाईने एक वाट ठेवलीय. जन्मदात्या आईने नोटरीसमोर सही करून कळवायचं, की मुलीशी माझा संबंध नाही, पुढेही ठेवायचा नाही, मी तिला एक पैसा देणार नाही, फोन ही चूक होती. मग ते माफीचा पुन्हा विचार करतील. एक मेच्या आत कॉलेज पक्कं करायचं असतं, तेव्हा महिनाअखेरीपर्यंत त्यांचा निकाल हवा. मजकूर सोबत जोडलाय. सही कर आणि पाठव.

आणि जीव कासावीस करून घेऊ नकोस. हॅडली भयंकर चिडलीय. तुझं नावसुद्धा काढत नाही. ते बूट तिने कपाटावर फेकलेत. तू सही केलीस तर तिला सुटल्यासारखंच वाटेल.

तुझी बहीण,
वर्ना


ब्रोकन बो
२० एप्रिल

रॉक्सी,

तुझं पत्र आलं. चार पानं. सही केलेला कागद मात्र त्यात नाही.

तू तिलाच फोन करून विचारलंस. करणारच. आणि ती म्हणाली, "आई, मी मुळीच चिडले नाहीये. ओरेगॉन राहू दे. मी इथल्याच विद्यापीठात जाते, म्हणजे तुला सुट्टीत येता येईल." तू ते वाक्य दोनदा लिहिलंयस, एकदा खाली रेघ मारून. मी खोटारडी आहे असंही लिहिलंयस.

हो, खोटं बोलले. बूट कपाटावर नाहीत. रोज घालते, उन्हातसुद्धा. तुझं नाव काढत नाही म्हटलं, तेही खोटं. दिवसभर आई असं म्हणाली, आई तसं म्हणाली, माझे कान किटलेत. घरच्या विद्यापीठाचा टी-शर्टही मागवलाय तिने. ज्या दिवशी सगळी पोरं आपापल्या कॉलेजचे शर्ट घालून शाळेत जातात, त्या दिवशी तो घालणार म्हणते. म्हटलं, "अगं, काय शिकणार तिथे?" तर म्हणते, "काहीतरी शिकेन मावशी, हिशेबनीस होईन." हिशेबनीस! ही पोरगी सातवीत असताना नदीकाठच्या कॉटनवुडच्या झाडांना नंबर घालत फिरायची.

तुला कळतंय का काय चाललंय? तू तिला दोनदा जेवायला घातलंस आणि तिने त्यावरून अख्खं ओरेगॉन ओवाळून टाकलं. मी नऊ वर्षं वेण्या घातल्या, कांजिण्यांत उशाशी बसले, आणि माझ्यासाठी तिने कधी एक शनिवारची मॅच सोडली नाही. पोटात दुखतंय माझ्या, हो. लिहूनच टाकते, म्हणजे तुला शोधत बसायला नको. पण पोटात दुखतंय म्हणून मी चूक ठरत नाही.

तू लिहितेस, "मी बदललेय, या वेळी मी जाणार नाही." मागच्या वेळीही तू हेच म्हणून किराणा आणायला गेली होतीस. समज, या वेळी खरंच राहिलीस. तरी चार वर्षांनी ती तिशीपर्यंत फेडायचं कर्ज घेऊन कुठल्यातरी बँकेत काचेमागे बसलेली असेल, आणि तू नाताळला नासपतींची टोपली घेऊन येशील. हे द्यायचंय तिला?

मी तिला थांबवू शकत नाही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. म्हणून तोडायचं तर तूच तोडायला हवंस.

आणि नीट ऐक. मी जोडलेला मजकूर आता पुरणार नाही. ओरेगॉनला गेलेला प्रत्येक कागद विद्यार्थ्यालाही दिसतो. म्हणजे हॅडली तो वाचणार. "नाइलाजाने", "परिस्थितीमुळे" असले शब्द घातलेस तर तिला लगेच कळेल की आईने माझ्यासाठी केलं, आणि मग ती आणखीच हटून बसेल. तेव्हा असं लिही की ऑफिसलाही पटेल आणि तिलाही. तुला जमेल. लोकांचं मन मोडणं तुला कधी जड गेलं नाही.

सही करून पाठवलंस की तिचे फोन येतील. उचलू नकोस.

वर्ना


ब्रोकन बो
३ मे

रॉक्सी,

ओरेगॉनला तुझं पत्र मिळालं. फार छान लिहिलंस.

मी सांगितलं होतं त्याच्याही पुढे गेलीस. "ती मला कधी नकोच होती, फेब्रुवारीत फक्त उत्सुकता म्हणून गेले, पोरगी फार गळ्यात पडते" हे तुला कुठून सुचलं ते मी विचारणार नाही. सुचलं की आठवलं, तेही विचारणार नाही.

ती सकाळी स्वयंपाकघरात फोनवर वाचत होती, मी अंडी फेटत होते. उभ्यानेच वाचलं. मग बोटाने वर सरकवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मला म्हणाली, "मावशी, हे खरं असेल का गं?"

तेव्हा मला बोलता आलं असतं. तिचा चेहरा तू पाहिला असतास तर तू बोलली असतीस, लगेच सगळं कबूल केलं असतंस. मी म्हटलं, "सही तर तिचीच दिसतेय." आणि अंडी तव्यावर ओतली.

तिने तुला त्या दिवशी किती फोन केले ते तुला माहीतच आहे. तू उचलले नाहीस. एवढं एक काम तू धड केलंस, त्याबद्दल आभार.

ओरेगॉनने आपले चव्वेचाळीस परत दिले. तिने त्यांना होकार कळवला. शाळेत सगळे शर्ट घालून आले, ही साध्या राखाडी शर्टात गेली. ओरेगॉनचा मागवायला वेळ नव्हता, आणि घरच्या विद्यापीठाचा तिने चिंध्यांच्या डब्यात टाकला होता. क्रेबेलबाईंनी मिठी मारली तर म्हणे लाकडासारखी उभी राहिली. बूटही गेले. कुठे ते मी विचारलं नाही.

तिची शाळा संपल्याची गॅरेजमधली पार्टी अठराला आहे. हॅमचे सँडविच, मिंटच्या गोळ्या, फोटोंचा फळा, सगळं ठरल्याप्रमाणे. तू येऊ नकोस. फोटोंच्या फळ्यावरून तुझे फोटो तिने स्वतः काढलेत. खरं तर दोनच होते.

मला वाटलं होतं, आता तरी ती माझ्याकडे वळेल. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघत होते. पण ती माझ्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलत नाही. काल म्हणाली, उन्हाळ्यात वणव्यांच्या टोळीत काम करणार, इकडे येणार नाही, आणि नाताळलाही नाही. म्हणाली, "तुम्हा दोघी बहिणींचा मला कंटाळा आलाय." आणि मला तिकडचं हवामान वाचून दाखवायला लागली. ओरेगॉनमध्ये फार पाऊस पडतो म्हणे.

तेव्हा तू एकटीच हरलीस असं समजू नकोस. पण पोरगी जातेय. मला हवं होतं ते झालं, आणि मी ते पुन्हा करीन.

शेवटचं. या पत्राचं उत्तर लिहू नकोस, ना मला, ना तिला. वाढदिवसाचं कार्डसुद्धा नको. दर वर्षी कॉलेजवाले तिला विचारणार, आईशी काही संपर्क आहे का, आणि दर वर्षी पोरीला "नाही" असं लिहिता आलं पाहिजे, खोटं न बोलता. चार वर्षं. त्यानंतर तू आलीस तर दार मी उघडीन, पण तोवर ती इथे असणार नाही.

बहिणींबद्दल ते काहीच विचारत नाहीत. म्हणून,

तुझीच,
वर्ना